मारितचं अर्धं वाक्य

व्हिसीने फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ऐकलंस का, फेर्मिन? पोरगी म्हणते, या घरात तिला कुणी बोलूच देत नाही! आपण! आपण बोलू देत नाही! तिच्या तोंडातून चार शब्द काढता काढता माझ्या नाकी नऊ आले, आणि वर हे!"

"अगं, पण तिचं म्हणणं..."

"आणि सांगितलं कुणाला, तर बेगोन्याला! मला नाही!"

"तू तिला कधी..."

"मी तिला काय? पोटच्या पोरीसारखं वागवते मी तिला!"

फेर्मिनने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोनदा मिटलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. तो पुन्हा पेपरात शिरला.

बेगोन्या म्हणजे परदेशी मुलांना स्पेनमधल्या या सामोरा शहरातल्या घरांमध्ये ठेवणाऱ्या संस्थेची बाई. सप्टेंबरात तिने मारितला व्हिसीच्या दारात आणून सोडलं होतं. मारित अमेरिकेतल्या मिनेसोटाची, वीस वर्षांची, उंच, पांढरीफटक, वर्षभर राहून स्पॅनिश शिकणार होती. आता बेगोन्याचं म्हणणं असं, की मारितला दुसरं घर हवंय, बेगोन्याने ते बघूनही ठेवलंय आणि रविवारी दुपारची जेवणं झाली की ती मारितला न्यायला येईल. तोवर मुलीचं मन बदललं तर ठीक.

व्हिसीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. तिला ही मुलगी आवडली होती. दोन्ही लेकी लग्न होऊन लांब गेल्यावर घर खायला उठलं होतं. मारित आली आणि पुन्हा कुणाचे तरी मोजे वाळत घालायला मिळाले, अनवाणी फिरते म्हणून कुणावर तरी ओरडायला मिळालं. तसं आधीही असाच एक परदेशी मुलगा राहायला आला होता, तोही मध्येच निघून गेला. तेव्हा व्हिसीने सगळं खापर त्याच्यावर फोडलं. आता दुसरीही निघाली, तर खापर फोडायला माणूस कुठून आणायचा?

पण बोलू देत नाही म्हणजे काय? या घरात, या गल्लीत, बोलायला कुणी कुणाला देतं का? माणूस बोलायला लागला की दुसऱ्याने मध्ये पडायचं, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं, तिसऱ्याने "छे, असं नाही झालं" म्हणून दोघांना उडवून लावायचं. यालाच तर माया म्हणतात. शेवटपर्यंत ऐकून घेतात ते फक्त चर्चमधल्या प्रवचनात, आणि तेसुद्धा डोळा लागलेला असतो म्हणून. मारित मात्र जेवताना मूग गिळून बसायची. काही विचारलं की "मी..." म्हणायची आणि छताकडे बघत राहायची. आता समोर कुणी असं अडकलं तर मदत नको करायला? व्हिसी लगेच मदत करायची.

रविवारी दुपारी कासिल्दा जेवायला आली. कासिल्दा ही फेर्मिनची थोरली बहीण, रोजच यायची. तिच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे व्हिसीसुद्धा फिकी. व्हिसीने तिला दारातच अडवलं.

"ताई, आज जेवताना कुणी बोलायचं नाही."

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही! मारितला बोलू द्यायचंय. ती बोलेल, आपण ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, तिला शब्द सापडला नाही तरी नाही. जीभ चावा, पाव चावा, काय वाटेल ते चावा."

"मी कधी कुणाच्या मध्ये बोलते?" कासिल्दा म्हणाली. "तूच आपली सारखी..."

"बघा, आत्ताच मध्ये बोललात!"

"मध्ये तू बोललीस, वहिनी!"

फेर्मिनने टीव्ही बंद केला. जेवायच्या वेळी बंद टीव्ही मारितने आल्यापासून कधी पाहिला नव्हता. ती खोलीतून बाहेर आली ती थबकलीच. टेबलाभोवती तिघं ताठ बसलेली, तिघंही तिच्याकडे बघतायत, कुणी चकार शब्द काढत नाही. मध्ये व्हिसीचा खास भात, डुकराचे कान आणि पाय घालून शिजवलेला, वाफाळतोय. मारितचा चेहरा पडला. आपण तक्रार केली म्हणून यांनी बोलणं टाकलं, असंच तिला वाटलं असणार. व्हिसीला ते दिसत होतं. तसं नाही गं पोरी, असं तिला सांगायचं होतं, पण सांगायचं कसं? न बोलण्याचा हुकूम तिचाच होता.

चमचे ताटाला लागल्याचा आवाज तेवढा येत होता. कासिल्दा लाल होत चालली होती. शेवटी मारितनेच चमचा खाली ठेवला.

"माफ करा," ती म्हणाली. "मी बेगोन्याला सांगितलं, कारण... कारण..."

ती छताकडे बघायला लागली. व्हिसीच्या ओठांवर पाच कारणं येऊन उभी राहिली. तिने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. फेर्मिनने डोळे मिटले. कासिल्दाच्या घशातून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा आवाज आला.

"...कारण मला तुम्हाला सांगता येत नव्हतं. आमच्याकडे एक जण बोलतो. बाकीचे थांबतात. त्याचं झालं की... की... थोडं आणखी थांबतात. खरंच झालं का, ते बघायला. इथे मी थांबते. माझी पाळी येत नाही. मी मनात वाक्य तयार करते, बटाट्यावर. ते तयार होतं, तोवर तुम्ही बटाटे सोडून नगराध्यक्षांवर गेलेले असता."

फेर्मिनला हसू फुटलं. ते त्याने रुमालात दडवलं.

"आणि हा भात," मारित म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, आवडला का. मी म्हटलं, मला... आणि तुम्ही म्हणालात, आवडला! आणि आणखी वाढलात. मग दर आठवड्याला केलात. पण मला..."

ती थांबली. व्हिसीने टेबलाची कड घट्ट धरली. आता मात्र तिला वाक्याचा शेवट ठाऊक होता, आणि तो तिला स्वतःच्या तोंडाने म्हणायचा नव्हता.

"...कान खाववत नाहीत," मारित म्हणाली.

 मग व्हिसी उठली, तिने मारितचं ताट उचललं, कानाचे तुकडे एकेक करून फेर्मिनच्या ताटात टाकले आणि उरलेला भात तिच्यापुढे ठेवला. एक शब्दही न बोलता. मारित हसली. मग तिने बहिणीबद्दल सांगितलं, गोठलेल्या तळ्यावर गाडी चालवतात त्याबद्दल सांगितलं, अडखळत, थांबत, छताकडे बघत. कासिल्दाने तीन पाव संपवले. व्हिसीला मनातून वाटत होतं, अशी सुंदर दुपार या घरात कितीतरी दिवसांत आली नव्हती, आणि त्याच वेळी वाटत होतं, देवा, ही पोरगी जरा भरभर का नाही बोलत!

कॉफी होते न होते तोच बेल वाजली. बेगोन्या आली होती. दाराशी मारितची बॅग सकाळपासून भरून ठेवलेली होती. बेगोन्याने बॅगेकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, बंद टीव्हीकडे पाहिलं.

"मग मारित? काय ठरलं? येतेस ना?"

मारितने व्हिसीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं.

"मी..." ती म्हणाली आणि तिने वर छताकडे बघितलं.

व्हिसीचा जीव टांगणीला लागला. एक क्षण गेला. दुसरा गेला. ही पोरगी शब्द कुठे शोधायला गेली होती, मिनेसोटाला?

"राहणार!" व्हिसी ओरडली. "इथेच राहणार! विचारायचं काय त्यात? अगं, आत्ताच तर सगळं बोलून झालं आमचं, कानाबिनाचं पण मिटलं, उद्या मी तिच्यासाठी साधी कोंबडी..."

"व्हिसी!" फेर्मिन म्हणाला.

व्हिसीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. पण जे निसटायचं ते निसटलं होतं.

मारितचं हसू हळूहळू गेलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. ती बेगोन्याकडे वळली आणि न अडखळता म्हणाली, "बघितलंत? हे असं."

मग तिने व्हिसीच्या दोन्ही गालांची पापी घेतली, कासिल्दाची घेतली, फेर्मिनचा हात हातात घेतला आणि बॅग उचलली.

"तू काय म्हणणार होतीस?" व्हिसी तिच्या मागे दारापर्यंत धावली. "सांग ना पोरी! मी नाही बोलत, शपथ, हे बघ, एक अक्षर नाही!"

बेगोन्या पुढे जिना उतरायला लागली होती. मारित तिच्या मागोमाग गेली. वळणावर ती थांबली, तिने वर बघितलं आणि काहीतरी म्हटलं, एक अख्खं वाक्य, शेवटापर्यंत. व्हिसीला ते ऐकू आलं नाही. ती कठड्यावरून वाकून ओरडत होती, "अगं, स्वेटर घाल, बाहेर गारठा आहे!"