पैलवानाचे वीस थेंब

आमच्या औषधांच्या दुकानात कुणालाच खरं नाव नसतं. बाटलीवरच्या लेबलवर मी 'पैलवान', 'मास्तर' असंच टाकते आणि गिऱ्हाइकंही हसून नेतात. धाकटी बहीण कॉम्प्युटरची सी भाषा शिकतेय. लेबलं छापायचा प्रोग्राम तिनंच करून दिला. तो आधी नाव विचारतो, मग थेंब. आजवर सुरळीत चालला होता.

आज संध्याकाळी पैलवान आकडीचं औषध घेऊन गेला, वीस थेंब. मागोमाग टेलरबाई आली. तिच्या तान्ह्या मुलीला तेच औषध, पण दोन थेंब.

"ताई, हिचं खरं नाव घाला हं, आडनावासकट. शेजारी त्याच नावाची पोर आहे."

नाव-आडनाव टाकून एंटर दाबलं, तर थेंबांचा आकडा टाकायच्या आतच लेबल बाहेर! मग दोन टाकले, तर आणखी एक निघालं, त्यावर नावाच्या जागी नुसतं आडनाव. दुकानात ही गर्दी. नावाचं लेबल मी थेंब न वाचताच चिकटवलं, दुसरं टोपलीत टाकलं.

धाकटी आली तशी मी तोंड सोडलं. "तुझा शहाणा प्रोग्राम एकाच माणसाची दोन लेबलं काढतो!"

तिनं टोपलीतलं लेबल उचलून वाचलं आणि पांढरीफटक पडली.

"ताई, नाव वाचायला मी स्कॅनएफ ही कमांड घातलीय, ती मोकळी जागा आली की थांबते गं. आडनाव मागे राहिलं आणि थेंबांच्या जागी गेलं. तिथे आकडा हवा होता, तो मिळाला नाही, म्हणून आधीचाच राहिला. त्याऐवजी एफगेट्स या कमांडनं अख्खी ओळ घ्यायला हवी होती. आकडा खरंच आला का, तेही बघायला हवं होतं."

"आधीचा म्हणजे?"

"पैलवानाचा. वीस."

टेलरबाईला फोन लावला, तर सारखा बिझी. दुकान उघडं टाकून आम्ही समोरच तिच्या इमारतीकडे धावलो. पाजलं असेल, पाजलं असेल, एवढंच डोक्यात.

दार उघडंच होतं. पोर मांडीवर, चमचा तिच्या ओठाला टेकलेला.

"थांब!" मी किंचाळले आणि चमचा हिसकावला. औषध माझ्या हातावर सांडलं. पोरीनं भोकाड पसरलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

टेलरबाईनं बाटलीवरचं लेबल माझ्यापुढे धरलं.

"एवढ्याशा जिवाला वीस थेंब? मलाही भीती वाटली हो. मघापासून तुम्हालाच फोन लावत होते, लागेना. मग म्हटलं, हातानं लिहिलेलं असतं तर चुकलंही असतं. हे तर मशीननं छापलंय."