बिस्किटांच्या डब्यात गेलेला कडा

मी घटपर्णी बोलतेय. दबक्या आवाजात बोलतेय, कारण अंगणात आत्ताच एक गाडी थांबलीय आणि तिच्यातून उतरलेला माणूस माझ्याकडे टक लावून बघतोय. ती नजर मी ओळखते. मी स्वतः किडे खाऊन जगते, मला भूक शिकवायला नको.

घरात आजी एकटी आहे. तिची नात लोरेटा कुचिंग शहरात कॉलेजात गेलीय, ती अंधार पडायच्या आत येणार नाही. आणि माझ्या फुलोऱ्याच्या दांड्यावर बियांची अकरा बोंडं आहेत. आणखी आठवडाभराने ती तडकतील. त्याआधी कुणी मला हलवलं तर सगळं संपलं.

ही भीती उगाच नाही. या घरामागे चुनखडीचा उंच कडा आहे. एके काळी त्याच्या भेगाभेगांत आमचीच वस्ती होती. पानांच्या टोकांना हातभर लांब मडकी, त्यांच्या ओठांवर तांबडे-पिवळे पट्टे. वीस वर्षांपूर्वी असेच दोन पाहुणे गाडीतून आले. आजीने त्यांना भात वाढला, तांदळाची दारू दिली. पाहुण्याने तोंडाने मागितलं की नाही म्हणायचं नाही, ही इथली रीत. त्यांनी झाडं मागितली. आजी स्वतः पुढे होऊन त्यांना वर घेऊन गेली! उतरताना पोती भरलेली होती आणि कडा बोडका. जाताना त्यांनी आजीच्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात ती अजून सुया-दोरे ठेवते.

माझी आई ज्या बीतून उगवली, ते बी त्या लुटीच्या आधीच या कड्यावरून रीतसर परवानगीने एका रोपवाटिकेत गेलं होतं, म्हणून पुढे मी जन्मले. लोरेटाने पंधराव्या वर्षी मला तिथून विकत आणलं. "हिची आई कुठली? कागद दाखवा," असं तिने दुकानदाराला तीनदा विचारलं. तो वैतागला. मी तेव्हा चहाच्या कपात मावत होते.

तिने मला ओसरीवर ठेवलं. चुनखडीचे खडे, पावसाचं साठवलेलं पाणी, सकाळचं ऊन. खत अजिबात नाही. आजीला ते पटेना.

"अगं, उपाशी मारतेस का तिला? मासे धुतलेलं पाणी तरी घाल."

"आजी, हात लावू नकोस."

आजीने पाणी घातलंच. माझी चार पानं काळी पडली. त्या दिवसापासून लोरेटाने माझ्याबद्दल तिच्याशी बोलणंच सोडलं. मलाही ते बरोबर वाटलं. म्हाताऱ्या माणसांना सगळं आधीपासूनच ठाऊक असतं. त्यांना सांगायचं तरी काय?

आठव्या वर्षी मला पहिला फुलोरा आला. आमच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. मी मादी निघाले. आता सिबुरान गावात अशीच झाडं वाढवणाऱ्या चोंग गुरुजींकडचं नराचं झाड त्याच दिवसांत फुलायला हवं होतं. ते फुललं, पण नेमकं गवाईच्या, आमच्या सुगीच्या सणाच्या, आदल्या दिवशी. सणाची कामं टाकून लोरेटा मोटरसायकलवर निघाली. कुठे, कशाला, काही सांगितलं नाही.

तिची पाठ वळली आणि आजी कोयती घेऊन ओसरीवर आली. बरोबर शेजारची अग्नेस मावशी.

"ही मडकी बघ! जंगलातली बोटभर असतात. हिच्या एकात चौघं जेवतील."

"लोरेटा ओरडेल हं, काकू."

"सणाला मडक्यातला भात नको का? आणि झाड काही मरत नाही."

एक, दोन, तीन. माझी तिन्ही मोठी मडकी गेली. आतलं पाणी, मुंग्या, सगळं ओतून आजीने ती धुतली. तिथवर मी सोसलं. पण ती परत आली.

"हा दांडा कशाला ठेवलाय? फूल खुडलं की मडकी मोठी होतात. माझी आई नेहमी खुडायची."

मला ओरडता येत नाही. कोयती फिरली.

मोटरसायकल आली तेव्हा मडकी तांदूळ आणि नारळाचं दूध भरून वाफेवर चढली होती. लोरेटाच्या हातात कागदाची पुडी होती, आत पिवळे पराग. तिने चूल पाहिली, मग मला.

"काय केलंस हे!"

"मला सांगितलं असतंस तर?"

"तुला? कडा कुणी दाखवला त्या लोकांना? तूच ना! हिचं बी मला परत त्याच कड्यावर लावायचं होतं!"

आजीच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. अग्नेस मावशी हळूच घरी निघून गेली.

पण आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. तिने वरचा अर्धाच दांडा तोडला होता. खालचा पानाआड राहिला होता. आणि आमची फुलं खालूनच उमलत जातात. लोरेटाने रडत-रडत, काडीच्या टोकाने एकेका फुलाला पराग लावले. अकरा फुलांची बोंडं धरली. आजी दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याभोवती कोंबड्यांची जाळी लावली.

याला तीन महिने झाले. आणि आज हा पाहुणा.

आजीने त्याला पाणी दिलं. बसवलं. भात वाढला. तिच्या प्रत्येक फेरीला माझी पानं ताठ होतात. तो जेवला, हात धुतले आणि गोड आवाजात म्हणाला, "आजी, एवढं एकच रोप द्या. जिवापाड जपेन."

आजीने आयुष्यात एकदाही पाहुण्याला नाही म्हटलेलं नाही. ती उठते. आत जाते. कोयती आणायला?

ती डबा घेऊन येते. सुया-दोरे लुंगीच्या ओच्यात रिकामे करते आणि रिकामा डबा त्याच्या हातात ठेवते.

"हा घेऊन जा. तुमच्यासारख्याच पाहुण्यांनी दिला होता. परत करायचा राहून गेला."

गाडी निघून जाते. धूळ खाली बसते.

तुम्ही माझ्यासारखी एखादी विकत घ्यायला जाल, तर लोरेटासारखं विचारा: हिची आई कुठली? दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. त्याने उत्तर टाळलं, तर समजा, कुठला तरी कडा बोडका झालाय.

आजी जाळीजवळ पाटावर बसते, बोंडांकडे डोळे बारीक करून बघते.

"पीक बाई लवकर," ती म्हणते. "वर कड्यावर कुठल्या भेगेत तुमची झाडं होती ते पोरीला ठाऊक नाही. मला आहे. पण या गुडघ्यांनी मी फार तर अजून एकदा वर चढेन."