धानाच्या बांधीतली कापसाची दोरी

नायलॉनच्या दोऱ्यांनी मागाहून नावे ठेवू नयेत म्हणून आधीच सांगून टाकते, मित्रांनो : मी एक जुनी सुती दोरी आहे. तीन पदरांची, तीस हात लांब. कधीकाळी मी पांढरी होते. आता माझा रंग चिखलाचा आहे आणि तो मला आवडतो. माझ्या अंगावर लाल चिंध्यांच्या पन्नास गाठी आहेत. त्या का बांधल्या आणि पन्नासच का, हे सांगण्यासाठीच मी आज बोलायला बसले आहे.

माझा जन्म धानाच्या मुलखातला नाही. हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात रत्नपाल नावाचे शेतकरी राहत. त्यांच्या काळ्या रानात कापूस व्हायचा. त्यांनी सूत आणून, एक टोक कडुनिंबाला बांधून, स्वतःच्या हाताने मला वळले. पीळ असा घट्ट दिला की आजही तो सैल झालेला नाही. मग तीन-तीन फुटांवर त्यांनी माझ्यावर चिंध्या बांधल्या. रानात मला ताणायचे आणि प्रत्येक गाठीपाशी दोन सरक्या टोबायच्या, म्हणजे ओळ उभीही सरळ येते आणि आडवीही. याला चौफुली म्हणतात.

चौफुलीचा फायदा पैशाचा असतो. बैलांचा डवरा, म्हणजे कोळपे, उभा फिरतो, आडवाही फिरतो आणि तण उपटायला बायका थोड्याच लागतात. कापसाच्या शेतीत खर्च खाणाऱ्या दोन गोष्टी, एक निंदण आणि दुसरी वेचणी. वेचणी कोणालाच टळत नाही, पण निंदणाचा खर्च मी निम्म्यावर आणला होता. शेजाऱ्यांची झाडे आमच्यापेक्षा जास्त असत आणि कापूस आमचा जास्त भरे. रत्नपाल आपल्या लेकीला म्हणायचे, "झाडं जास्त म्हणजे कापूस जास्त, असं नसते पोरी. झाडाले हातपाय पसराले जागा पायजे." ती लेक म्हणजे अंजना. दहा वर्षांची असल्यापासून माझे दुसरे टोक तिच्याच हातात असायचे.

अंजनाचे लग्न झाले तेव्हा तिने भांड्याकुंड्यांबरोबर मलाही पेटीत घातले. आम्ही अर्जुनीला गाडीतून उतरलो. सासरचे गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. जिकडे पाहावे तिकडे पाणी आणि धान. कापसाचे एक बोंड दिसेल तर शपथ. तिथे मला काय काम? सहा वर्षे माझ्यावर कपडे वाळले. एक उन्हाळा तर मी शेळी बांधण्यात घालवला आणि त्या शेळीने माझ्या एका टोकाचा चावून चोथा केला. माझ्या गाठींचा अर्थ त्या घरात एकट्या अंजनाला ठाऊक होता, आणि तिला कोणी विचारत नव्हते. मला फार वाईट वाटायचे.

अंजनाचा नवरा लोकेश मनाचा चांगला, पण शेतीला कंटाळलेला. त्यांची जमीन एक एकर, म्हणजे चार बांध्या, मातीचे धुरे घालून पाणी अडवलेले चार तुकडे. दरवर्षी धान व्हायचे अठ्ठावीस नाहीतर तीस कट्टे. एक कट्टा म्हणजे चाळीस किलो. रोवणी, निंदण आणि खत यांचा खर्च वजा करता हाती फारसे राहत नसे. नागपूरच्या एका गोदामात लोकेशला काम मिळत होते आणि शेजारचे मोठे शेतकरी हुकुमचंद जमीन ठेक्याने घ्यायला तयार होते.

"एवढ्याशा धानात काय होते? काकाले ठेक्यानं देऊन टाकू अन् आपण नागपूरले जाऊ," लोकेश म्हणाला.

अंजनाला गाव सोडायचे नव्हते. ती म्हणाली, "एक खरीप माह्या मतानं करू द्या. चाळीस कट्टे नाही झाले, तं मी सोता बिऱ्हाड बांधीन."

चाळीस कट्टे त्या जमिनीने कधी पाहिलेच नव्हते. लोकेश हसला आणि बरे म्हणाला. त्याच दिवशी अंजनाने मला शेळीच्या गळ्यातून सोडवले. माझ्या तीन फुटांच्या गाठी तिने सोडल्या आणि दहा-दहा इंचांवर नव्या बांधल्या. त्रेपन्न गाठी झाल्या. खरे सांगते, त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

तिचा विचार साधा होता. गावात धान रोवायचे म्हणजे मूठभर रोपे घ्यायची आणि हात जाईल तिथे खोचायची. मग दाटी होते, तण माजते आणि ते काढायला सहा बायका चार दिवस वाकतात. कृषी सहायकाने गावाला निंदणाचे एक यंत्र आणून दिले होते, दातेरी चाकाचे, हाताने ढकलायचे. पण ते ओळींमधूनच चालते, आणि ओळीत कोणी रोवत नव्हते. ते पंचायतीच्या कोपऱ्यात गंजत पडले होते. अंजनाने ठरवले, बापाची चौफुली धानात करायची. एका जागी दोनच रोपे, मध्ये मोकळी जागा, आणि चाक उभे-आडवे फिरेल अशा ओळी.

रोवणीला सुशीलाबाईंची टोळी आली. चाळीस वर्षे चिखलात वाकलेली बाई. मला पाहून सगळ्याजणी हसायला लागल्या.

"धान रोवाले दोरी कायले वो?" सुशीलाबाईंनी विचारले. "कापसाच्या मुलखातली पोरगी आमाले रोवणी शिकवून रायली."

"आजचा दिवस मी सांगीन तसं करा, मावशी. मजुरी तेवढीच देईन," अंजना म्हणाली.

बांधीच्या दोन धुऱ्यांवर दोन खुंट्या ठोकून मला ताणले. एका खुंटीपाशी अंजना, दुसऱ्या खुंटीपाशी लोकेश. पहिली ओळ अशी सरळ आली की हसणाऱ्या मान वळवून पाहू लागल्या. दुसरी, तिसरी, दहावी. मी चिखलात बुडत होते, वर येत होते, पुढे सरकत होते. आणि मित्रांनो, इथेच माझी फजिती झाली.

लोकेशच्या हातची खुंटी धुऱ्यावरून सारखी निसटू लागली. अंजनाला वाटले, माती ओली आहे म्हणून सैल झाली असेल. तिने खुंटी थोडी आत, बांधीत ठोकायला लावली. थोड्या वेळाने आणखी आत. अर्धी बांधी झाली आणि सुशीलाबाई कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्यांनी आडव्या ओळींकडे पाहिले. सगळ्या ओळी एका अंगाला कलल्या होत्या. सुशीलाबाई वाकल्या, माझ्या दोन गाठींच्या मध्ये वीत टाकली आणि वितीच्या पुढे अंगठा ठेवला, म्हणजे दहा इंच. अंगठा पुरता मावला नाही.

"अंजना, हे दोरी आखडून रायली वो. खुंटीचा दोष नोहे."

मी आखडले होते. पाण्याने सुताचा पीळ फुगतो आणि दोरी लांबीला कमी होते, दीड हात कमी झाले होते मी. हिंगणघाटच्या कोरडवाहू रानात मला कोणी पाण्यात कधी घातलेच नव्हते. बिचाऱ्या अंजनाला हे कुठून ठाऊक असणार? आणि मलाही माझ्याबद्दल एवढे ठाऊक नव्हते. गाठी जवळ आल्या, ओळी कलल्या, म्हणजे त्या अर्ध्या बांधीत चाक आडवे फिरणार नव्हते. शरमेने मला चिखलातून वर यावेसे वाटेना.

"झाले तुहे चाळीस कट्टे," लोकेश म्हणाला.

अंजनाचे डोळे भरून आले होते. रोवलेले उपटावे तर रोपे मोडतात आणि पुन्हा रोवायला पऱ्ह्यातली, म्हणजे वाफ्यातली, रोपेही पुरत नव्हती. तेव्हा सुशीलाबाईंनी मला खुंटीवरून सोडले आणि कालव्याच्या काठी नेले.

"काऊन रडते? हिले आधी पोटभर पाणी पिऊ दे. जेवढी आखडाची तेवढी आखडू दे. मंग गाठी बांध. आमी जेवण करून घेतो."

टोळी जेवली तोवर मी कालव्यात पडून होते. मग चौघींनी मिळून मला ताणले, जुन्या गाठी सोडल्या आणि सुशीलाबाईंच्या वीत-अंगठ्याने नव्या बांधल्या. या वेळी पन्नासच बसल्या. तीन चिंध्या उरल्या. सकाळी मला हसलेल्या बायका आता प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहत होत्या. उरलेल्या साडेतीन बांध्यांत एकही ओळ कलली नाही.

पुढचे दोन महिने मी पडवीत टांगलेली होते, पण बातम्या कळत होत्या. पंचायतीतले चाक निघाले. जिथे सहा बायका चार दिवस वाकत, तिथे लोकेश एकटा दोन दिवसांत उभे-आडवे निंदून आला. दोन रोपांना पंचवीस-तीस फुटवे आले. हुकुमचंद मोटारसायकल थांबवून पाहत असत. कललेल्या कोपऱ्यात मात्र चाक आडवे जाईना. तिथले तण अंजनाने हाताने काढले, रोज थोडे थोडे, कोणाला न सांगता.

मळणीच्या दिवशी भारे बांधायला दोरी कमी पडली म्हणून मलाही खळ्यावर नेले. थ्रेशर चालू झाले. लोकेश कट्टे शिवत होता आणि मोठ्याने मोजत होता. तीस झाले तेव्हा तो थोडा थांबला. छत्तीस झाले. अडतीस झाले आणि साडेतीन बांध्यांचे धान संपले.

राहिले होते फक्त त्या कललेल्या कोपऱ्याचे भारे. माझ्या चुकीचे भारे. अंजनाने स्वतः उचलून ते थ्रेशरपाशी नेले. एकोणचाळीस. चाळीस. लोकेशने सुई खाली ठेवली, पण धान येतच होते. एकेचाळीस. बेचाळीस. सुशीलाबाई खळ्याच्या काठाला बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "आता नागपूरले कोण जाते गा?" लोकेशने सुई उचलली आणि बेचाळिसावा कट्टा शिवायला घेतला.

म्हणून मी सांगते, मित्रांनो, दोरी जुनी झाली की शेळीच्या गळ्यात अडकवू नका. काम झाले की तिला धुवा, सावलीत वाळवा आणि उंदीर पोचणार नाहीत अशी उंच टांगा. आणि कोरडी असताना बांधलेल्या गाठींवर विसंबू नका. आधी तिला भिजू द्या. चाळीस वर्षे चिखलात उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती सांगेल.

आता यंदाची गोष्ट ऐका. पऱ्हे वर आले होते. सकाळी हुकुमचंद दारात आले. ठेक्याचे विचारायचेच होते त्यांना.

"काय ठरवलं गा, लोकेश? देशील का जमीन?"

अंजना तेव्हा घरात होती. लोकेश अंगणात बसला होता आणि त्याच्यापुढे पाण्याने भरलेली बादली होती. त्याने बादलीकडे बोट दाखवले.

"दोरी भिजू घातली आहे, काका."

कोणीही सांगितले नव्हते त्याला. त्याने स्वतःच मला आढ्यावरून उतरवले होते. हुकुमचंद जवळ आले आणि वाकून त्यांनी माझ्या लाल गाठी पाहिल्या.

"मंग तुमची रोवणी झाली का दोरी माह्या बांधीत पाठवजो," ते म्हणाले. "माही वीस एकराची रोवणी आहे."

वीस एकर, मित्रांनो. त्या वेळी मी बादलीच्या तळाशी पडून आखडत होते, पण खरे सांगते, एवढी लांब मी जन्मात कधी नव्हते.