मार्झान्नेच्या अंगातलं जाकीट

बसमधून उतरली तेव्हाच टेक्लाचं डोकं तापलेलं होतं. आई दोन महिने अंथरुणाला खिळलेली, आणि फोन केला की भावजय रोझालियाचं एकच पालुपद, "बऱ्या आहेत हो, काळजी नको." बऱ्या कसल्या डोंबलाच्या! टेक्लाला काय कळत नव्हतं?

घराची वाट पुलावरून होती आणि पुलावर अख्खं गाव लोटलेलं. एकवीस मार्च, मार्झान्नेला बुडवायचा दिवस. गवताची ती बाई काठीवर उभी होती. गावातला हिवाळा आणि मरण तिच्यासोबत नदीत लोटायचं आणि मागे वळून न बघता घर गाठायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेक्लाने सहज वर पाहिलं आणि जागीच थिजली. मार्झान्नेच्या अंगात आईचं जाकीट होतं. जांभळं, गळ्याला निळे टाके, आईने स्वतःच्या लग्नासाठी भरलेलं.

"ए रोझालिया!" ती गर्दीत घुसली. "जित्या माणसाचं जाकीट मरणाला घातलंस? जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीस!"

रोझालियाच्या हातात रिबिनी बांधलेली हिरवी फांदी होती. वसंत म्हणून ती गावात मिरवत न्यायची. "वन्सं, आधी ऐकून तरी घ्या..."

"काय ऐकू? सासू लवकर मरत नाही म्हणून नदीला दिलीस! खोली हवी असेल ना तुला?"

"तोंड सांभाळा!" रोझालियाही काही कमी नव्हती. "त्यांचं हगणंमुतणं मी काढतेय. तुम्ही नाताळानंतर आज उगवताय, आणि मला शिकवताय?"

"ताई, अगं..." भाऊ आल्फ्रेड मध्ये पडला.

"तू गप रे! बायकोच्या ताटाखालचं मांजर!"

या गदारोळात कुणीतरी मार्झान्नेला काडी लावली. गवत दमट, नुसताच धूर झाला. लोक कंटाळले आणि त्यांनी तिला तशीच कठड्यावरून ढकलली. झालं! टेक्ला बुटांसकट काठावरून खाली धावली आणि पाण्यात शिरली. बर्फ वितळून आलेलं पाणी, कमरेपर्यंत चढलं तशी तिची दातखीळ बसायची वेळ आली.

"शिवू नकोस गं!" पुलावरून बायका ओरडल्या. "पाण्यातल्या मार्झान्नेला शिवलं की हात झडतो!"

"झडू दे!" टेक्लाने जाकीट ओरबाडून काढलं. उघडं गवत वाहत पुढे गेलं. ती जाकीट उराशी धरून काठावर आली, तर समोर रोझालिया. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते मी दिलं नव्हतं, वन्सं. आईंनी दिलं. काल मला कपाट उघडायला लावलं. म्हणाल्या, माझं दुखणं यात आहे, हे मार्झान्नेला घाल आणि जाऊ दे एकदाचं. सकाळपासून खिडकीत बसल्यात, ते वाहून जाताना बघायचं म्हणून. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा उठून बसल्या होत्या."

टेक्लाने वर पाहिलं. पुलाला लागूनच घर. खिडकीत आईचा पांढरा रुमाल दिसत होता.

तिने जाकीट परत पाण्यात टाकायला हात उचलला. शेजारची म्हातारी गेर्ट्रूड करवादली, "आता कशाला? एकदा बाहेर आलं ते आलं. निस्तर आता!"

टेक्ला तशीच निथळत घरात शिरली. आई खिडकीशीच होती. तिने लेकीकडे पाहिलंही नाही, जाकिटाकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते, आणि टेक्लाला आधी वाटलं की ती रडतेय. रडत नव्हती, ती संतापली होती.

"आई, मला वाटलं, तुला मारायला टपलेत सगळे..."

"मला जगायचं होतं गं, भवाने!" एवढ्याशा कुडीतून एवढा आवाज आला की दारातला आल्फ्रेड दचकला. "जगायचं होतं मला! तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"