झेरॉक्सवरून उतरवलेलं मन

मी बोलतेय, तीस प्रश्नांची प्रश्नावली. एरवी मीच विचारते. आज माझं ऐका, कारण डोकं फिरलंय माझं.

माणसं राग, रडू, भीती कशी आवरतात ते मोजायला ताईंनी मला घडवलं. ताई संशोधक. दोन वर्षं माझ्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. शेवटची परीक्षा उरली होती: हॉस्पिटलमधल्या चाळीस नर्सनी तीन आठवड्यांच्या अंतराने मला दोनदा भरायचं. उत्तरं साधारण जुळली तर मी भरवशाची, नाही तर रद्दी.

पहिल्याच खेपेला मी कपाळावर हात मारला. 'राग आला तरी मी शांत राहते' यापुढे एकीने सात, म्हणजे 'अगदी खरं', असं लिहिलं आणि त्याच पेनाने शेजारणीला ढोसलं, "सरक ना, किती वेळा सांगू?"

दुसऱ्या खेपेला तर कहरच झाला. मोठ्या सिस्टर भारी शिस्तीच्या. त्यांनी पहिल्या उत्तरांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. जिची तिला वाटत म्हणाल्या, "मागच्यासारखंच भरा गं. बिचारीचं काम आपल्यामुळे बिघडायला नको." घ्या! एकोणचाळीस जणींनी आकडान् आकडा उतरवला.

एकीने मात्र झेरॉक्स बाजूला सारली. मधल्या काळात तिची आई गेली होती. 'रडू आवरणं मला जमतं' इथे आधी सात होते. आता तिने एक लिहिला.

ताईंचे सर तक्ता बघून खूश. "एकोणचाळीस तंतोतंत! ही चाळिसावी तेवढी काढून टाका, निकाल बिघडवतेय."

इतकं तंतोतंत कधी जुळतं का, अशी ताईंना शंका आली. त्यांनी मोठ्या सिस्टरना विचारलं, तर बाईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. चाळिसावीची आई गेल्याचंही बोलण्यात आलं. खोटं कशाला बोलू, ताईंनी गप्प बसावं असं मला वाटत होतं. मलाही पास व्हायचं होतं हो. पण त्यांनी अहवालात लिहिलं, 'चाचणी रद्द. पुन्हा घ्यावी लागेल.' म्हणजे आणखी एक वर्ष जाणार.

मग त्यांनी त्या चाळिसावीला फोन लावला. "आई गेल्याचं कळलं," एवढंच म्हणाल्या. पलीकडे ती रडत राहिली आणि ताई कामं सोडून ऐकत राहिल्या.

सध्या मी कपाटात आहे, नापास. पुढच्या वेळी तुमच्या हाती आले, तर बायांनो, पाया पडते, चुकत भरा, अर्धवट भरा, पण स्वतःचं भरा. आणि शेजारची रडत असेल, तर आधी तिच्याजवळ बसा. मी थांबते.