लाडलेसाबशिवाय कंदुरी

बकरं सकाळपासून ओरडत होतं आणि सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. दोघांचंही मुलाण्यावाचून अडलं होतं, बकऱ्याचं जरा कमी.

उसाची ट्रॉली उलटून माझा नवरा व्यंकट तिच्याखाली सापडला, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे राजूबाईंनी, आमच्या शेतातल्या लिंबाखालच्या पिराला बकऱ्याच्या जेवणाची कंदुरी कबूल केली होती. नवरा वाचला. पायात सळई बसली, पण जीव राहिला. गुरुवार ठरला, पावण्यांना सांगून झालं, मसाला वाटून झाला, आणि ऐन वेळी शेजारगावचा ठरवलेला मुलाणी येत नाही म्हणाला. पिराचं बकरं मुलाण्यानंच हलाल करायचं आणि पिरापुढं दुवा मागून फातेहाही त्यानंच द्यायचा. आमच्या मराठ्यांच्या घरात दुसऱ्या कुणी सुरी लावलेलं चालत नाही. गावात मुसलमानाचं घर एकच, लाडलेसाब मुलाण्याचं. त्याला दोन वर्षांपासून कुलूप.

"नैवेद्य झाल्याबिगर मी पाणीसुदीक घेणार न्हाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांना साखरेचा आजार. रिकाम्या पोटी हात थरथरतात, डोळ्यापुढं अंधारी येते. माझा जीव तिथंच अर्धा झाला.

माझा धाकटा दीर पप्पू मोटरसायकल काढेना. फोन कानाला लावून अंगणात नुसत्या फेऱ्या मारत होता.

"ज्योती, तू बस ह्याच्या मागं," सासूबाई म्हणाल्या. "एकटा गेला तर वाटंतच च्या पिऊन परत यील."

पहिल्या गावात मशीद होती, पण दाराला कुलूप. शेजारची बाई कन्नडमध्ये म्हणाली, इथली दोन्ही घरं पुण्याला गेली, आता दार ईदला उघडतं. आम्ही तसेच पुढे निघालो. ऊन चढत होतं. दर मैलाला मला सासूबाईंचे हात दिसत होते.

दुसऱ्या गावात नवी कोरी मशीद आणि बाहेरून आलेला तरुण मौलाना. बिचाऱ्यानं सावलीत बसवलं, गार पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत समजावलं, की जनावर अल्लाच्या नावानं कापतो, पण पिराच्या नवसाला सुरी धरणं आमच्या धर्मात बसत नाही. आमच्या पिराला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं, अन् पिरानं आम्हाला नको म्हटलं नव्हतं.

मग आमच्या तालुक्याचं अफजलपूर. मटणाच्या दुकानात एक जण मांडी तोडत होता.

"बकरं हिकडं आणा, करून देतो," तो म्हणाला.

"गावात या की. पिरापुढं फातेहा द्यायचाय," मी म्हटलं.

"कोन्तं गाव?"

मी नाव सांगितलं. त्यानं एकदा पप्पूकडं बघितलं. "हात दुखायलाय माझा," म्हणाला, आणि त्याच हातानं पुन्हा मांडी तोडायला लागला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भावजी, आपल्या गावाचं नाव काढलं की सगळ्यांचे हात कामून दुखायलेत?"

पप्पू गाडीचा आरसा पुसत राहिला. मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. दोन वर्षांमागं त्यानं आणि त्याच्या चार मित्रांनी आठवडी बाजारात बोर्ड लावला होता, की ह्यांच्याकडून मटण घेऊ नये. ह्यांच्याकडून म्हणजे कुणाकडून? बाजारात मटण विकणारा एकटा लाडलेसाबच तर होता. महिनाभर लोक बोर्डाकडं बघत कोंबडी खात राहिले. मग एके दिवशी घराला कुलूप दिसलं. सासूबाई तेव्हा लेकीकडं होत्या, आणि बोर्ड वाचायला त्यांना अक्षर येत नाही. त्या परत आल्यावर आम्ही सगळ्यांनी सांगितलं, त्यानं तालुक्याला मोठं दुकान टाकलं.

"लाडलेसाब कुठं ऱ्हातो?"

"हितल्या मशिदीच्या मागं," पप्पू म्हणाला.

सकाळपासून ठाऊक होतं ह्याला! आणि म्हातारी तिकडं उपाशी. असा संताप आला, की चपलेकडं हात गेला होता.

मोठं दुकान कसलं? पत्र्याची एक खोली, दारात अंड्यांचे ट्रे. लाडलेसाब बराच वाळला होता. मी नवसाचं सांगायला लागले, पण त्यानं एवढंच विचारलं, "अक्का उपाशी हाय? साखर हाय की तिला!" आणि कापडात गुंडाळलेली सुरी घेऊन निघाला. पप्पूच्या गाडीवर मात्र बसला नाही. आम्ही दोघं टमटमनं आलो.

त्यानं बकरं हलाल केलं. मटण शिजेपर्यंत व्यंकटपाशी बसला, सळई बसवलेल्या पायावरून हात फिरवला. नैवेद्य मांडल्यावर लिंबाखाली व्यंकटचं नाव घेऊन फातेहा दिला. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मग पंगत बसली. आमच्याकडे कंदुरीत मुलाण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी भाकरी मोडत नाही.

लाडलेसाब ताटाला हात लावेना.

"घे की बिस्मिल्ला म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"पोटात बरं न्हाई, अक्का."

सगळी पंगत हात आवरून बसली. रस्सा निवायला लागला. सासूबाईंचे हात आता दिसण्याइतके थरथरत होते. मी पप्पूकडं बघत होते. तो रश्श्याची बादली धरून उभा होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण समोर आई थरथरत होती.

"आई, त्यांचं पोट बरं हाय," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्याकडनं मटण घिऊ नका म्हणून बाजारात बोर्ड मीच लावला हुता. म्हणून गेले ते."

सासूबाई लाडलेसाबकडं बघत राहिल्या.

"अक्का, बकरं तुझ्या पोरासाठी कापलं," लाडलेसाब म्हणाला. "तुला न्हाई म्हणणं मला जमंना. पण ज्या गावात माझ्या हातचं चालत न्हाई, तिथलं माझ्या तोंडाला कसं चालंल?"

तो उठला, व्यंकटच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

"जेवा बाबांनो, तुमचा काय दोष," सासूबाई पंगतीला म्हणाल्या. स्वतः त्या घरात जाऊन पडल्या. रात्री मी हातापाया पडले तेव्हा कुठं गूळ-पाणी घेतलं. नवस फिटला नाही, एवढंच म्हणाल्या.

बोर्ड पप्पूनं दुसऱ्याच दिवशी काढला. ते सोपं होतं. आता दर गुरुवारी तो लाडलेसाबला जेवायला बोलवायला अफजलपूरला जातो. लाडलेसाब त्याला चहा पाजतो, व्यंकटच्या पायाची चौकशी करतो आणि वाटेला लावतो. सासूबाई दारात बसलेल्या असतात. पप्पू एकटाच येताना दिसला, की उठून आत जातात आणि त्या दिवशी घरात चूल पेटू देत नाहीत.