धुरपदाची ढेप

गुळाचा रंग गुऱ्हाळात नाही, पुण्यात ठरतो, एवढं कोंडिबा गुळव्याला बावीस वर्षांत कळून चुकलं होतं. दौंड-पाटस रस्त्याला शंकररावांचं गुऱ्हाळ होतं. तिथं तो काहिलीपाशी उभा राहायचा, उकळत्या रसाकडं नुसता बघायचा आणि "उतरवा" म्हणायचा. मग आठ माणसं मिळून ती भली मोठी कढई उतरवायची. अंदाज जरा चुकला की गूळ काळा पडायचा. काळा गूळ व्यापारी घेत नसत. तो हातभट्टीवाले तेवढे न्यायचे, आणि गुळव्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा. म्हणून रसात पांढरी पावडर पडायची. पावडर पडली की गूळ पिवळाधमक निघायचा आणि लोक म्हणायचे, किती शुद्ध आहे.

दोन हजार दोनच्या सुमारास कुठल्याशा पुरवणीत छापून आलं की पिवळा गूळ म्हणजे विष आणि काळा गूळ म्हणजे आरोग्य. शंकररावांनी पुरवणी वाचली नव्हती, पण गिऱ्हाइकांनी वाचली होती, तेवढं पुरलं. महिन्याभरात हमरस्त्याला पाटी लागली : 'सेंद्रिय, रसायनमुक्त, आरोग्यदायी गूळ'. ऊस तोच होता, त्याच्या बुडाशी युरियाही तोच होता. रस जरा जास्त आटवायचा, एवढाच काय तो फरक. पावडर बंद झाली नाही, निम्मी झाली. शंकररावांच्या मते निम्मी वाट चालून झाली होती, उरलेली सावकाश चालता आली असती. पूर्वी ज्या चुकीला कोंडिबा शिव्या खायचा, ती चूक आता रोज करायची होती, आणि भाव दुप्पट होता.

रविवारी पुण्याच्या गाड्या यायच्या. त्यांत तेजश्री मॅडम नेमानं असत. त्यांचं कोथरूडला बायकांचं आरोग्य मंडळ होतं आणि मंडळातल्या तीस घरांचा गूळ त्या एकट्या नेत. त्या प्रत्येक ढेपेचा वास घेत, रंग बघत, शंकररावांना बारीक बारीक प्रश्न विचारत. गूळ करणारा माणूस चार हातांवर उभा असायचा, पण त्याला कोणी काही विचारायचं नाही.

"हा शुगरवाल्यांनाही चालतो बरं का," मॅडम एकदा बरोबरच्या बाईला म्हणाल्या. "साखर वेगळी, हा वेगळा. ह्यात लोह असतं. मी तर सासऱ्यांच्या गोळ्यासुद्धा कमी केल्या."

"व्हय व्हय," शंकरराव म्हणाले. कशालाही व्हय म्हणायची त्यांना सवय होती.

कोंडिबाच्या हातातला झारा थांबला. त्याच्या बायकोला, धुरपदाला, सहा वर्षं शुगर होती. दौंडच्या डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. गुळव्याची बायको बिनगुळाचा चहा पिते म्हणून गावातल्या बाया हसायच्या. ती तसाच पीत राहायची. पण कोंडिबा घरी आला की त्याच्या सदऱ्याला येणारा गुळाचा वास ती उभ्या उभ्या घ्यायची, आणि हे त्याच्या ध्यानात आलेलं होतं.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आगं, काळा गूळ चालतो म्हनं शुगरला."

"कोन म्हनलं?"

"पुन्याच्या मॅडम. शिकलेल्या हायेत."

"डाक्टर बी शिकल्यालाच हाय की. त्यानं गूळ बी न्हाई म्हनून सांगितलं व्हतं. तुमीच व्हता शेजारी."

"त्यो पिवळ्याचं म्हनला आसंल. त्यात पावडर आसती."

"आन् ह्यात?"

कोंडिबानं सदरा काढून खुंटीला अडकवला. ह्यात निम्मी असते हे त्याला आणि शंकररावांनाच माहीत होतं.

"तुझ्यासाठी येगळा करतो," तो शेवटी म्हणाला.

आणि त्यानं केला. बांधाच्या कडेला जिथं खत कधी पोचत नसे, तिथला किडकिडीत ऊस त्यानं स्वतः तोडला. काहील तीनदा घासली. रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचा चिकट रस घातला, मळी चार वेळा काढली. पावडरीचा डबा दूर नेऊन ठेवला, चुन्याची चिमूटही टाकली नाही. "कुनाचं लगीन हाय का, मामा?" म्हणून जाळ घालणाऱ्या पोरांनी चेष्टा केली, तरी त्यानं मान वर केली नाही. साडेचार किलोची ढेप निघाली. पाटीवर लिहिलेलं होतं तसा गूळ त्या गुऱ्हाळात त्या हंगामात एवढाच झाला.

धुरपदानं पहिला खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "ह्यो खरा," म्हणाली. मग चहा गोड झाला, भाकरीबरोबर खडा आला, दुपारी येता-जाता आणखी एक. गोळ्यांनी तिला गरगरायचं, त्या तिनं सोडून दिल्या. मॅडमच्या सासऱ्यांच्या कमी झाल्या होत्या, हे कोंडिबानंच सांगितलं होतं, मग आपण बंद केल्या तर बिघडलं कुठं? चार-सहा दिवसांत तिला हुशारी वाटायला लागली. कोंडिबाला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी औषध करून दिलं.

माघात तिच्या पायाच्या अंगठ्यात चिपाडाचं कुसळ शिरलं. तिला कळलंच नाही. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कोंडिबानं बघितलं. त्यानं त्याच ढेपेतला गूळ खलून, चुना घालून लेप बांधला. पंधरा दिवसांत अंगठा काळा झाला. मग पंजा.

दौंडच्या डॉक्टरनं कागद बघितला. शुगर चारशे ऐंशी होती.

"काय खात होता?"

"गूळ," धुरपदा म्हणाली. "पर ह्यांनी केल्याला हाय. त्यात कायबी घाण न्हाई, साह्यब."

"बाई, शुद्ध काय न् अशुद्ध काय, गूळ म्हणजे साखरच. तुमच्या रक्ताला पाटी वाचता येत नाही."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढला. निघताना तिथला डॉक्टर कोंडिबाला बाजूला घेऊन म्हणाला, "आता गोड तोंडात गेलं तर दुसराही जाईल. तुमच्यावर आहे सगळं." कोंडिबानं मान हलवली. घरी आल्यावर त्यानं तिला रोज इन्सुलिन टोचायला सुरुवात केली. त्याच्यानं टोचवत नसे, म्हणून सुई तीच धरायची.

चैत्रातल्या एका रविवारी मॅडम आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "चालतो शुगरला." बावीस वर्षांत पहिल्यांदा कोंडिबा गिऱ्हाइकाशी बोलला.

"न्हाई चालत, बाई. माझ्या बायकूचा पाय गेला."

"अरे देवा! पिवळा दिला असेल तुम्ही."

"काळाच. येगळा केला व्हता तिच्यासाठी. पावडर न घालता."

मॅडम थबकल्या. शंकररावांनी खोकून बघितलं, पण उशीर झाला होता.

"म्हणजे ह्यात पावडर असते?"

"निम्मी आसती."

"शंकरराव! दोन वर्षं आम्हाला विष विकताय तुम्ही?" मॅडमचा आवाज चढला. मग तो एकाएकी खाली आला आणि त्या कोंडिबाकडं वळल्या. "तो तुम्ही केलेला. शिल्लक आहे का घरी?"

कोंडिबाला वाटलं, आपलं सांगताना काहीतरी राहिलं. त्यानं परत सांगितलं, पाय कुठून कापला ते हातानं दाखवलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण इन्सुलिन लावलं असेल ना, तिथंच चुकतं. चला, गाडीतनं जाऊ."

"जा की, कोंडिबा," शंकरराव घाईनं म्हणाले. तीस घरं हातची जात होती.

कोंडिबा गाडीत बसला. त्याच्या मनात होतं, डोळ्यानं बघितल्यावर तरी पटेल.

धुरपदा वाकळ पांघरून खाटेवर बसली होती. एवढी मोठी बाई घरी आली म्हणून तिनं पदर नीट केला. कोंडिबानं वाकळ बाजूला सारली. मॅडमनी बघितलं, "च्च्" केलं आणि नजर फडताळाकडं वळवली.

"कुनासाठी पायजे, ताई?" धुरपदानं विचारलं.

"सासऱ्यांसाठी. पायाला मुंग्या येतात त्यांच्या हल्ली. शुद्ध मिळत नव्हता, म्हणूनच असणार."

कोंडिबानं खाटेखालचा डबा ओढला. दवाखान्यातून आल्यावर त्यानं तो तिथं ढकलला होता. टाकून द्यायला हात धजावला नव्हता. तेव्हा ढेप निम्मी होती. आता मुठीएवढी राहिली होती, आणि तिच्यावर नखांचे ओरखडे ताजे होते.

त्यानं धुरपदाकडं बघितलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"कवापासनं?"

"रोज न्हाई," ती भिंतीला म्हणाली. "जरासाच. तुमी केल्याला हाय. त्यात वंगाळ काय आसंल?"

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "खाणाऱ्याला कळतं हो."

कोंडिबा उठला. खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीत पाण्यानं भरलेली बादली होती, तिच्यात त्यानं तो मुठीएवढा गूळ टाकला. मॅडम ओरडल्या. धुरपदानंही "अवो!" केलं. खडा तळाशी गेला आणि त्याच्याभोवती पाणी हळूहळू तपकिरी व्हायला लागलं. मळी चार वेळा काढलेली होती, गाळ असा दिसत नव्हता. तिघंही बघत राहिले.

मग मॅडम भानावर आल्या. "थांबा, ओतू नका हं. गाडीत बाटली आहे माझ्या," म्हणाल्या आणि लगबगीनं बाहेर गेल्या.

"त्या येस्तवर जरा इकडं द्या," धुरपदा हळूच म्हणाली. तिनं खाटेवरनं पेला पुढं केला होता.